डोळ्यांवरची सावली

विद्यार्थी मित्रांनो, भर दुपारी तुमची सावली कधी नाहीशी झालेली पाहिली आहे का? श्रीगोंद्यात मे महिन्याच्या मध्यास असा एक दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली पायांखाली लपते. तेव्हा सूर्यकिरणांना वातावरणातून कमीत कमी अंतर कापावे लागते. म्हणून त्या दिवसांत ऊन फार प्रखर असते.

उन्हात दिसणारा प्रकाश असतो, तसेच न दिसणारे अतिनील किरणही असतात. या किरणांनी कातडी रापते, हे आपल्याला दिसते. डोळ्यांवर होणारा परिणाम मात्र लवकर कळत नाही. वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत वडस वाढू शकतो. मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. उसाच्या फडात, लिंबाच्या बागेत, कांद्याच्या शेतात राबणारी माणसे आठवा. मुलांनी तर अधिक जपावे. कारण लहान वयात डोळ्यातील भिंग फार स्वच्छ असते आणि त्यातून जास्त किरण आत जातात.

यावर उपाय म्हणजे उन्हाचा चष्मा, म्हणजेच गॉगल. 'चष्मा' हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा. पण चष्मा घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. काच जितकी काळी तितकी चांगली, असे अनेकांना वाटते. हे खरे नाही. काळ्या काचेमागे अंधार होतो आणि डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवणारी नसेल, तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते अधिकच आत शिरतात. म्हणजे रक्षण करण्याऐवजी असा चष्मा अपायच करतो!

म्हणून चष्म्यावर 'यूव्ही 400' असे लिहिले आहे का, ते पाहा. असा चष्मा 400 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवतो. नुसत्या चिठ्ठीवर विश्वास नसेल, तर चष्म्याच्या दुकानात यंत्रावर काच तपासून घ्या. फिकट काचही हे काम करू शकते.

चष्मा घेणे शक्य नसेल, तर रुंद काठाची टोपी किंवा छत्री वापरा. उत्तर ध्रुवाजवळ राहणारे इन्युइट लोक हाडाचा किंवा लाकडाचा चष्मा करीत. त्यात काच नव्हती, फक्त बारीक फट होती. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हापासून ती फट डोळे वाचवी.

आणखी एक इशारा. कोणताही गॉगल लावून सूर्याकडे पाहू नका. 2 ऑगस्ट 2027 रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ते पाहण्यासाठी ग्रहणाचा खास चष्माच हवा. सूर्याकडे टक लावून पाहिल्यास दृष्टिपटल भाजते. पण त्या वेळी वेदना होत नाही. दुखत नाही म्हणून माणूस पाहतच राहतो आणि कायमची दृष्टी गमावू शकतो.

मित्रांनो, काच किती काळी आहे हे पाहू नका. ती काय अडवते, हे विचारा.

शब्दार्थ
प्रखर – तीव्र
रापणे – उन्हाने काळवंडणे
वडस – बुबुळावर वाढणारा मांसल पडदा
दृष्टिपटल – डोळ्याच्या आतला, प्रतिमा उमटणारा पडदा
खंडग्रास – सूर्याचा काही भाग झाकणारे

स्वाध्याय
1. मुलांनी डोळ्यांना अधिक का जपावे?
2. कारण लिहा : नुसती काळी काच डोळ्यांना अपाय करते.
3. तुमच्या घरातील कोण उन्हात काम करते? त्यांना डोळ्यांच्या काळजीविषयी पाच वाक्यांत सांगा.