शाळेच्या नावाचा उतारा

स्मरणिकेत संगणकाच्या आज्ञांविषयी लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु वर्गखोल्या आणि वसतिगृह यांखेरीज आपल्या शाळेची आणखी एक मालमत्ता आहे, ती म्हणजे इंटरनेटवरील शाळेचे नाव, अर्थात डोमेन. तिची देखभाल आम्ही काही माजी विद्यार्थी पाहतो. या कामात जे शिकलो आणि जेथे चुकलो, ते येथे मांडीत आहोत.

संगणक परस्परांना अंकी पत्त्यांनी ओळखतात. नावे आहेत ती माणसांच्या सोयीसाठी. आरंभी सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जात असे आणि ठिकठिकाणचे लोक तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही रीत अपुरी पडली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, मांडली. तिच्यात एका ठिकाणी सारी माहिती नसते. मुळाशी असलेल्या सर्व्हरना आपल्या शाळेचे नाव ठाऊक नाही. ‘डॉट इन’चे दप्तर कोणाकडे, एवढेच ते सांगतात. तेथून शाळेच्या नेमसर्व्हरचा ठिकाणा मिळतो आणि नोंदी असतात त्या तेथे. जिल्ह्याहून तालुक्याला आणि तालुक्याहून तलाठ्याकडे जावे, तसाच हा प्रवास आहे.

नोंदींचे प्रकार अनेक आहेत. ‘ए’ नोंद संकेतस्थळाचा अंकी पत्ता सांगते, ‘एमएक्स’ नोंद शाळेची ईमेल कोणत्या यंत्राकडे न्यावी हे सांगते. आमची चूक या दुसऱ्या नोंदीत झाली.

प्रवेशाचे दिवस होते. ईमेलची सेवा बदलायची म्हणून आम्ही रात्री नवी एमएक्स नोंद लिहिली. अशा नोंदींत पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब द्यावे लागते. ते नसेल, तर नाव अपुरे आहे असे समजून आमच्या सेवादात्याची यंत्रणा त्यापुढे डोमेन पुन्हा जोडते. आम्ही टिंब विसरलो. ‘मेल डॉट शाळा डॉट इन’ असे हवे होते तेथे ‘मेल डॉट शाळा डॉट इन डॉट शाळा डॉट इन’ झाले. असे यंत्र जगात कोठेही नव्हते. संकेतस्थळ मात्र नीट उघडत होते, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

चौथ्या दिवशी एक पालक कार्यालयात आले. मुलाचा अर्ज ईमेलने पाठविल्यावर जे उत्तर आले, ते त्यांनी छापून, घडी घालून, जपून आणले होते. ते इंग्रजीत होते आणि त्यांनी ती शाळेची पोच समजली होती. वास्तविक पत्र पोहोचू शकत नाही, असा तो निरोप होता. आणखी किती जणांनी तो कागद पोच समजून घरी ठेवला असेल, या विचाराने आम्ही खजील झालो.

दोष शोधायला एक ओळ पुरली. कमांड लाइनवर, म्हणजे जेथे आज्ञा टंकून द्यायच्या त्या काळ्या खिडकीत, ‘डिग’ हा शब्द, पुढे डोमेन आणि पुढे ‘एमएक्स’ असे रोमन अक्षरांत लिहिले की नोंद जशी आहे तशी समोर येते. दुप्पट झालेले नाव तत्काळ दिसले. विंडोजवर हेच काम ‘एनएसलुकअप’ करते. ‘डिग’ला ‘ट्रेस’ची जोड दिली की मुळापासून आपल्या नेमसर्व्हरपर्यंतची वाट टप्प्याटप्प्याने दिसते. पटलावरची रंगीत बटणे सोयीची आहेत खरी, पण जग काय पाहते ते पाहायचे असेल तर बाहेरूनच विचारले पाहिजे.

टिंब दिले, तरी सर्वांची ईमेल लगेच सुरू झाली नाही. प्रत्येक नोंदीसोबत ती किती सेकंद लक्षात ठेवावी याचा आकडा असतो. आमचा होता ८६४००, म्हणजे पूर्ण एक दिवस. ज्यांनी चुकीचे उत्तर ऐकले होते, ते तेच धरून बसले. ‘डिग’च्या उत्तरात हा आकडा उतरत जाताना दिसतो, आणि त्या दिवशी तो फार सावकाश उतरत होता. बदलाच्या एक-दोन दिवस आधी हा आकडा ३०० वर आणावा, बदल पारखून घ्यावा आणि मग पूर्ववत करावा, ही रीत आम्ही त्यानंतर धरली. सर्व नोंदी आता एका साध्या मजकूर-फाइलीत असतात. बदलापूर्वीची आणि नंतरची प्रत ‘डिफ’ या आज्ञेने ताडून पाहतो, आणि दोघांनी वाचल्याशिवाय बदल करीत नाही.

नोंदींपेक्षा गंभीर गोष्ट मालकीची. ‘हूइज’ ही आज्ञा डोमेनची मुदत आणि नोंदणी कोणामार्फत झाली ते सांगते. सातबाऱ्यावर नाव स्पष्ट असते. येथे धारकाचे नाव पुष्कळदा झाकलेले असते. म्हणून आम्ही नोंदणीचे खातेच उघडून पाहिले. डोमेन आमच्यापैकीच एकाच्या व्यक्तिगत नावावर होते, कारण आरंभी पैसे त्याने भरले होते. त्याच्या मनात काही वावगे नव्हते. पण उद्या तो संपर्काबाहेर गेला असता तर? नूतनीकरणाची सूचनाही शाळेच्याच ईमेलवर जात होती, म्हणजे डोमेन बंद पडले की ते बंद पडल्याचे पत्रही पोहोचणार नाही. मोठ्यांनाही हे चुकले नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून हॉटमेलच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या डोमेनचे शुल्क भरायचे राहिले आणि लोकांना आपली पत्रे उघडता येईनात. ते ३५ डॉलर अखेर एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून भरले.

आता डोमेन संस्थेच्या नावावर आहे. सूचना वेगळ्या डोमेनवरील दोन पत्त्यांवर जातात. खात्याचा परवलीचा शब्द बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात आहे, आणि मुदतीची तारीख वसतिगृहाच्या घरपट्टीच्या तारखेशेजारी लिहिली आहे. त्याच फाइलीत त्या पालकांनी आणलेला कागदही लावून ठेवला आहे. त्यांच्या मुलाचा अर्ज त्याच दिवशी हातोहात घेतला. बाकीच्यांना शोधण्यासाठी शाळेने वर्तमानपत्रात निवेदन दिले आणि प्रवेशाची मुदत आठ दिवसांनी वाढविली.