दूध संकलनाचं दरपत्रक आणि ट्रीमॅप

आष्ट्यात बसून आसपासच्या दूध संकलन केंद्रांची सॉफ्टवेअरं लिहितो, बहुतेक जावात. क्रमाने लावलेल्या मॅपबद्दल हाताला लागलं ते असं.

१. सभासद नंबरावरून नुसतं नाव काढायचंय? हॅशमॅप पुरे. ट्रीमॅप घ्यायचा तो शेजारची नोंद हवी असेल तेव्हा. दरपत्रकात फॅट ३.८ चा दर असतो, ३.९ चा असतो. मशीन दाखवतं ३.८७. फ्लोअरएन्ट्रीला विचारलं की खालची जवळची पायरी हातात. आत रेड-ब्लॅक ट्री असतं (मूळ कल्पना रुडॉल्फ बायर यांची, १९७२), त्यामुळे लाख नोंदींतही फार तर ३३ तुलना. दूध सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली उतरलं, तर मात्र नल येतो. तिथे काय दर लावायचा हे प्रोग्रामरने ठरवू नये, चेअरमनना विचारावं.

२. फॅट की म्हणून दशांशात ठेवू नका. शंभराने गुणून पूर्णांक करा. तोही राउंड करून. ४.१ गुणिले १०० केलं की डबलमध्ये ४०९.९९९९९९९९९९९९९४ येतं. नुसतं इंट केलंत तर ४०९ उरतात, फ्लोअरएन्ट्री ४.० चा दर काढते, आणि शेतकऱ्याचा एक पॉइंट गेला. रोज, दोन्ही वेळेला.

३. सी++ च्या मॅपमध्ये नोंद आहे का हे पाहायला चौकटी कंस वापरू नका. नसलेला सभासद तिथल्या तिथे जन्माला येतो, शून्य रुपयांसकट. फाइंड वापरा.

४. दहा दिवसांच्या बिलाला सबमॅप झकास. पण तो पहिली तारीख धरतो, शेवटची सोडतो. १ ते १० हवं तर ११ द्या. आणि तारीख अक्षरांत ठेवलीत तर १० तारीख २ च्या आधी येते.

५. नावांची यादी युनिकोडच्या भरवशावर सोडू नका. तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, म्हणून काळे येतात कावऱ्यांच्या आधी. क्षीरसागर तर ‘क’मध्येच, खोतांच्याही वर. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’नंतर आहेत आणि आपल्या माणसांचं बोटही तिथेच जातं. त्यासाठी आयसीयूचा मराठी कोलेटर लावा. पण ट्रीमॅपला तुलनेत शून्य आलं की दोन्ही नोंदी एकच वाटतात. एकाच नावाचे दोन पाटील प्रत्येक गावात असतात. दुसऱ्याचं दूध पहिल्याच्या हिशेबावर जाऊन बसतं. म्हणून तुलनेत नावापाठोपाठ सभासद नंबर हवाच.