निसवलेल्या केळीला नवे पान येत नाही

मृगबागेतली केळी जून-जुलैत लागते आणि फेब्रुवारीपासून निसवू लागते. म्हणजे रावेर, यावल, चोपडा असो की धुळ्याकडचे शिरपूर, घड भरण्याचे तीन-साडेतीन महिने नेमके 42 ते 45 अंशांच्या उन्हात जातात. या दिवसांत सगळ्यांची नजर घडावर असते. माझ्या मते ती पानांवर हवी. केळफूल बाहेर पडले की त्या झाडाला नवे पान येणे कायमचे थांबते. त्या दिवशी अंगावर असलेल्या दहा-बारा हिरव्या पानांवरच कापणीपर्यंत घड पोसायचा असतो. पान हवेतला कर्बवायू आणि मुळांनी वर चढवलेले पाणी घेऊन उन्हाच्या जोरावर साखर करते. तीच घडात उतरून पिष्ट होते. आठाहून कमी धड पाने राहिली, की खालच्या फण्या बारीक राहतात.

मग ऊन जास्त तर अन्न जास्त, असे का होत नाही? कारण भर दुपारच्या उन्हातला मोठा हिस्सा केळीला वापरताच येत नाही. हवा तापली आणि मुळांचा पुरवठा अपुरा पडला, की पाणी वाचवण्यासाठी पान आपली रंध्रे मिटते. त्याबरोबर कर्बवायूही बाहेरच अडतो. सकाळी आठला सपाट पसरलेले पान दुपारी शिरेच्या दोन्ही बाजूंनी खाली मिटलेले दिसते. हा त्याचा बचाव आहे, त्यावरून घाबरायचे कारण नाही. पण सायंकाळी पाच वाजताही ते उलगडले नसेल, तर पाणी कमी पडते आहे. शेजारची मका त्याच उन्हात तरतरीत कशी, हा प्रश्न रास्त आहे. मका, ज्वारी आणि ऊस यांची कर्बवायू पकडण्याची रीतच वेगळी, उष्णतेत टिकणारी आहे. केळीला ती सोय नाही.

खताचा डोस वाढवून ही तूट भरेल, असे पुष्कळांना वाटते. नत्र आणि मॅग्नेशियमशिवाय हरितद्रव्य बनत नाही, पालाश रंध्रांची उघडझाप सांभाळतो आणि साखर घडाकडे न्यायला मदत करतो, म्हणून शिफारशीची मात्रा चुकवू नये. पण खत म्हणजे अन्न नव्हे. करपलेल्या पानाला दुप्पट युरिया देऊन साखर होत नाही.

म्हणून मे महिन्यात झाडामागे रोज सुमारे 20 लिटर पाणी ठिबकने द्यावे. वीज रात्रीच मिळत असेल तर रात्री द्यावे, काळी जमीन ते धरून ठेवते. मात्र चिखल करू नये, मुळांनाही हवा लागते. बुंध्याशी उसाचे पाचट किंवा केळीचीच वाळलेली पाने पसरावीत. लागवडीच्या वेळी कडेने शेवरी लावली नसेल, तर पश्चिमेच्या बाजूला कडब्याच्या ताट्या उभाराव्यात. दहा लिटर पाण्यात 800 ग्रॅम केओलिन घालून पंधरा दिवसांच्या अंतराने फवारावे. पांढऱ्या थराने प्रकाश अडेल ही शंका खरी, पण अडतो तो बराचसा फाजीलच. करप्याचे डाग पडलेला भाग तेवढाच कापावा, अख्खे पान नाही. वाऱ्याने चिरलेले पानही तोडू नये, हिरवे असेतो ते काम करते. आणि घड उन्हापासून झाकायला हिरवी पाने कापण्याची जी सवय आहे, ती सोडून वाळलेली पाने बांधावीत किंवा स्कर्टिंग बॅग चढवावी.