आरोग्य-पाठ : दूध टाकणारे आणि तोंड फिरवणारे बाळ



विसरवाडीच्या बाजूला ऊसतोडीच्या दिवसांत घरातली बाई पहाटेच शेतात जाते आणि तान्हे बाळ आजीच्या हवाली होते. बाळ दूध टाकते, पाजायला घेतले की मान फिरवते, अंग ताणून रडते. मग कोणी नजर लागली म्हणते, कोणी सुनेचे दूध बाधले म्हणते. सुनेला बोल लावण्याआधी कारण समजून घेऊ.

विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व आपल्या ओळखीचा आहे. तो सैल झाला की पाइपातले पाणी परत खाली उतरते. अन्ननळी आणि जठर यांच्या सांध्यावरही असेच एक स्नायूंचे कडे असते. तान्ह्या बाळाचे कडे कच्चे असल्यामुळे दूध उलटे वर येते. चौथ्या महिन्याच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळे दूध टाकतात. १२ ते १८ महिन्यांपर्यंत बहुतेकांचे आपोआप थांबते. बाळ हसते-खेळते आहे, वजन वाढते आहे, तर औषध लागत नाही.

काही बाळांना मात्र आम्ल वर येऊन जळजळ होते. पाजले की दुखते, हे ध्यानात येऊन बाळ तोंड मिटते. अशा वेळी हातपाय धरून, नाक दाबून बोंडल्याने दूध ओतू नये. दूध श्वासनळीत जाऊ शकते, आणि भीती बसून बाळ अधिकच नाकारते.

घरी काय करावे :

१) थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे. डोके पोटापेक्षा उंच धरावे.
२) मधून मधून ढेकर काढावी. नंतर २० ते ३० मिनिटे उभे धरावे.
३) रडून बेजार होण्याआधी, शांत जागी पाजावे. मान फिरवली की थांबावे, थोड्या वेळाने पुन्हा बघावे.
४) झोपवताना उताणेच झोपवावे, पालथे नको.
५) सहा महिने फक्त आईचे दूध. आई कामावर असेल तर काढून ठेवलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे. मध, गुटी, साखरपाणी नको.
६) सहा महिन्यांनंतर नागलीची घट्टसर पेज, मऊ भात-वरण चमच्या-चमच्याने द्यावे. जबरदस्ती नको.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून कार्डावर लिहून घ्यावे. पिकाची वाढ आपण डोळ्यांनी ताडतो. बाळाची काट्यावरच कळते.

उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, पिचकारीसारखी जोरात येऊ लागली, ताप आला, टाळू खोल गेली, लघवी फार कमी झाली, बाळ मलूल पडले किंवा काहीच घेईना, तर अंगारे-धुपारे करीत बसू नये. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. वजन वाढत नसेल तरीही डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी पुरुष सभासदांना एक विनंती. घरात असे बाळ असेल तर त्याच्या आईला तोडणीच्या घाईतही पाजायला सवड द्या. तुमच्या फडात तोडणीला आलेल्या कोयत्यावरच्या बाईलाही तीच सवड द्या. तिचे बाळही तितकेच नाजूक आहे.