शेरूला घरीच राहू द्या

(कुत्रा हा इमानी प्राणी आहे. पण जो कुत्रा परक्या माणसाच्या अंगावर धावून जातो, त्याला गर्दीच्या ठिकाणी न्यावे का? या पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, उरूस, जत्रा, लग्नाची वरात किंवा शाळेतला प्रजासत्ताक दिनाचा समारंभ, यांची वाट आपण सर्व जण पाहतो. चार माणसे एकत्र आली की मन प्रसन्न होते. अशा वेळी काही हौशी लोक आपला कुत्राही बरोबर घेऊन येतात. कुत्रा शांत असेल तर कोणाची तक्रार नसते. पण प्रत्येक कुत्रा शांत नसतो.

समजा, तुमच्या शेजारी शेरू नावाचा एक धिप्पाड कुत्रा आहे. घरातल्या माणसांवर त्याचा फार जीव आहे. पण दारात परका माणूस दिसला की तो गुरगुरतो आणि साखळीला हिसके देतो. दूधवाला लांब उभा राहूनच हाक मारतो. अशा शेरूला त्याच्या मालकाने उरुसात नेले, तर काय होईल?

क्षणभर शेरूच्या जागी आपण आहोत असे समजा. त्याची उंची तुमच्या गुडघ्यापर्यंत आहे. त्याला दिसतात ते फक्त पाय, चपला आणि हलणाऱ्या पिशव्या. कोणी त्याच्या शेपटीला धक्का देतो, कोणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो. त्याचे कान फार तीक्ष्ण आहेत. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला ४० हजारांहून अधिक कंपनांचे आवाजही ऐकू येतात. त्यात ढोल-ताशे, ध्वनिक्षेपक आणि फटाके! उन्हाने रस्ता तापलेला असतो आणि त्याच्या पायांत चप्पल नसते. माणसाप्रमाणे त्याच्या सर्वांगाला घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंगातली उष्णता कमी करतो.

घाबरलेला प्राणी आधी पळून जाऊ पाहतो. पण शेरूच्या गळ्यात पट्टा आहे. त्याला पळता येत नाही. मग त्याच्याकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे चावणे. पुष्कळ कुत्रे रागापेक्षा भीतीने चावतात, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

चावण्यापूर्वी कुत्रा बहुधा सूचना देतो. तो एकाएकी ताठ उभा राहतो. एकाच जागी रोखून पाहतो. पाठीवरचे केस उभे राहतात. ओठ वर जाऊन दात दिसतात. कधी तो कान मागे पाडतो, शेपूट पायांत घालतो, पुन्हा पुन्हा ओठ चाटतो. शेपूट हलवणारा कुत्रा नेहमीच खुशीत असतो असे नाही. शेपूट उंच आणि ताठ ठेवून हलवत असेल, तर सावध राहावे. भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे लोक म्हणतात. या बोलण्यावर मुळीच विसंबू नका. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारणेही चूक आहे. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो, पण त्याची भीती जात नाही. मग तो सूचना न देताच चावतो.

शेरूच्या मालकाला हे सांगितले, तर तो काय म्हणेल? “आमचा शेरू घरात कोणाला काही करत नाही.” खरे आहे. पण घरातली माणसे त्याच्या ओळखीची आहेत, उरुसातली नाहीत. तो म्हणेल, “त्याला लस टोचली आहे.” ही फार चांगली गोष्ट आहे. पण लशीमुळे रेबीज टळतो, चावा टळत नाही. तो म्हणेल, “चार लोकांत नेले म्हणजे सवय होईल.” पिल्लू तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याला नवी माणसे आणि नवे आवाज यांची सवय सहज लागते. मोठ्या, भित्र्या कुत्र्याला एकदम गर्दीत ढकलले, तर त्याची भीती उलट वाढते. त्याला सवय लावायची असेल तर शांत जागी, लांबून, थोडी थोडी लावावी. उरूस ही काही शिकवणीची जागा नव्हे.

मग काय करावे? उत्तर सोपे आहे. शेरूला घरीच ठेवावे. सकाळी, रस्ता मोकळा असताना, त्याला फिरवून आणावे. एका शांत खोलीत पाणी, खाणे आणि त्याचे अंथरूण ठेवावे. शक्य असल्यास घरातले एक माणूस त्याच्याजवळ थांबावे. दवाखान्यात नेताना त्याच्या तोंडाला जाळीचे मुसके बांधावे. त्या मुसक्यातून त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणीही पिता आले पाहिजे. फडक्याने तोंड आवळून बांधू नये. उन्हात त्याने त्याच्या जिवाला धोका होतो.

आता तुमच्याविषयी. मालकाला विचारल्याशिवाय परक्या कुत्र्याला हात लावू नका. तो खात असेल, झोपला असेल किंवा जवळ पिल्ले असतील, तर त्याला छेडू नका. कुत्रा अंगावर आलाच तर पळू नका, कारण पळणाऱ्याच्या मागे तो धावतो. ओरडू नका. त्याच्या डोळ्यांत पाहू नका. हात अंगाजवळ घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहा. तो शांत झाला की हळूहळू मागे सरका. खाली पडलात, तर पोटाशी गुडघे घ्या आणि हातांनी मान व कान झाका. लहान भावंडांनाही हे शिकवा. लहान मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येते, म्हणून त्याला मोठी जखम होण्याची भीती असते.

इतके करूनही कुत्रा चावला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने निदान १५ मिनिटे धुवा. तिला हळद, तिखट किंवा चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना सर्व इंजेक्शने घ्या. पूर्वी ही इंजेक्शने पोटात देत असत, आता दंडात देतात. त्यामुळे भिण्याचे कारण नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण वेळेवर लस घेतली, तर हा रोग टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचण्यात आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. तो मुलगा वाचला. घरच्यांच्या रागाच्या भीतीने कुत्र्याचा चावा कधीही लपवू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात, त्या १०० माणसांमध्ये सुमारे ४० जण १५ वर्षांखालील असतात.

कायद्यानेही मालकावर जबाबदारी टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ पाहा. आपल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना जो मालक जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण कायद्याची वेळ येऊच नये. गर्दीत असा कुत्रा दिसला, तर मोठ्या माणसाला सांगा, किंवा लांबूनच अदबीने म्हणा, “चाचा, तुमचा शेरू घाबरलेला दिसतो. त्याला घरी नेता का?” एखाद्या मुलाला तो चावला, तर त्या मुलाला वेदना होतील. शेरूलाही लोक काठ्या घेऊन मारतील, नाहीतर मालक त्याला दूर कोठेतरी सोडून देईल. खरे तर शेरूने गर्दीत यायचा हट्ट धरला नव्हता. ते मालकाने ठरवले होते. मुक्या प्राण्याला बोलता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने विचार करणे हे आपले काम आहे.

शब्दार्थ
इमानी – वफादार
जत्रा – मेळा
धिप्पाड – अंगाने मोठा व मजबूत
विसंबणे – भरवसा ठेवणे
मुसके – प्राण्याच्या तोंडाला बांधायची जाळी
स्तब्ध – न हलता
खबरदारी – एहतियात, काळजी

स्वाध्याय
प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुत्रा अंगातली उष्णता कशी कमी करतो?
(आ) कुत्रा अंगावर आला तर पळू का नये?
(इ) कुत्रा चावल्यावर सर्वांत आधी काय करावे?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारणे चूक आहे.
(आ) लस टोचली असली तरी शेरूला उरुसात नेऊ नये.

प्रश्न ३. वाक्यात उपयोग करा : जीव असणे, अंगावर धावून जाणे, ध्यानात ठेवणे.

उपक्रम : ‘चावा लपवू नका’ या विषयावर पाच ओळींचा फलक तयार करा आणि वर्गात लावा.