वैद्यकीय महाविद्यालयाची निवड : नाव, कुवत आणि अमानत



'नीट'चा निकाल लागला की बिबवेवाडीतील आमच्या मशिदीत असरच्या नमाजनंतरचे बोलणे बदलते. एरवी मार्केट यार्डातील आवक आणि भाव यांवर बोलणारी माणसे त्या दिवसांत कटऑफ, राऊंड आणि पसंतीक्रम यांवर बोलू लागतात. ७२० पैकी गुण किती, हे विचारून झाले की लगेच दुसरा प्रश्न येतो : "मग कॉलेज कोणते?"

काही वर्षांपूर्वी मार्केट यार्डात एका आडत्याकडे हिशेब लिहिणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. घराण्यात डॉक्टर होऊ पाहणारा तो पहिलाच मुलगा. त्याच्या गुणांवर मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी शासकीय महाविद्यालयात जागा मिळण्याची चिन्हे होती. दुसरीकडे एका नामांकित खाजगी महाविद्यालयातही प्रवेश मिळू शकत होता. मात्र त्यासाठी राहते घर गहाण ठेवून बँकेचे कर्ज काढावे लागणार होते. मुलाचे मामा म्हणत होते, "त्या गावाचे नाव सांगितले तर कोण ओळखणार?" वडील गप्प होते. मुलगाही गप्प होता.

मी कबूल करतो की त्या नामांकित संस्थेचे नाव ऐकताच माझ्याही तोंडून 'माशाअल्लाह' निघाले. मुलाला काय हवे, हे मी विचारलेच नाही. रात्री इशानंतर ते लक्षात आले आणि मन खजील झाले. हा पाठ त्या चुकीतून लिहिला आहे.

पद मागणारे आणि पद पेलणारे

आदरणीय अबू जर गिफारी (रजि.) यांची सत्यनिष्ठा आणि विरक्ती सर्वपरिचित आहे. त्यांनी एकदा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एखाद्या अधिकारपदाची इच्छा व्यक्त केली. सहीह मुस्लिममध्ये वृत्तांत आहे की प्रेषितांनी (स.) त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की, आपण या कामासाठी दुर्बल आहात, पद ही अमानत असून जो तिचा हक्क अदा करू शकत नाही, त्याच्यासाठी ती कियामतच्या दिवशी लज्जेचे कारण ठरेल. येथे अबू जर (रजि.) यांची योग्यता कमी लेखलेली नाही. त्यांच्या स्वभावाला ते काम मानवणारे नव्हते, एवढेच मायेने सांगितले आहे.

दुसरे उदाहरण अजानचे. अजानचे शब्द आदरणीय अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात ऐकू आले होते, तरीही प्रेषितांनी (स.) ते शब्द बिलाल (रजि.) यांना शिकवण्यास सांगितले, कारण बिलाल यांचा आवाज अधिक बुलंद होता. मान कोणाचा, हे तेथे पाहिले गेले नाही. काम कोणाकडून उत्तम होईल, हे पाहिले गेले.

वैद्यकीय महाविद्यालयातील जागा हीदेखील अमानत आहे. तिच्यामागे उद्याच्या रुग्णांचा हक्क उभा आहे. अबू दाऊदमधील एका हदीसचा आशय असा की, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार असतो. म्हणून या निवडीत पहिला विचार असा हवा : हा मुलगा किंवा ही मुलगी कोठे नीट शिकेल आणि कोठून चांगला वैद्य होऊन बाहेर पडेल?

नावात काय असते आणि काय नसते

मोठ्या नावाला काहीच अर्थ नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या पुण्यातील ससून रुग्णालय १८६७ सालचे; त्याला जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून चालू आहे. मुंबईचे ग्रँट महाविद्यालय १८४५ सालचे. अशा ठिकाणी रुग्णांची रीघ असते, दुर्मीळ आजार पाहावयास मिळतात, अनुभवी गुरुजन असतात. ही खरी संपत्ती आहे. नावामागे ती असेल आणि मुलाला ती घेता येत असेल, तर ते नाव अवश्य निवडावे.

परंतु हेही जाणून घ्यावे की राज्य शासनाची वैद्यकीय महाविद्यालये आणि संलग्न खाजगी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. ग्रँटचा विद्यार्थी आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या हिंगोलीच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाची परीक्षा देतो, पदवीही तीच. अभिमत विद्यापीठे मात्र आपली परीक्षा आणि पदवी स्वतः देतात. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप सर्वांना सारखीच आहे.

संस्थांचे स्वभावही वेगवेगळे असतात. पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा लौकिक मोठा आहे. पण तेथे जाणाऱ्याने लष्करी शिस्त आणि पुढील लष्करी सेवा मनापासून स्वीकारलेली असावी. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभे केले. तेथे खादी आहे, शाकाहार आहे, खेड्यात जाऊन राहणे आहे. एखाद्या मुलीला ते जीवन भावेल, दुसरीला जड जाईल. त्यात कोणाचाही कमीपणा नाही. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते, हेही आधीच ठाऊक असावे.

राजी यांची कसोटी

थोर वैद्य अबू बक्र राजी यांच्याविषयी जुन्या ग्रंथांतून एक आख्यायिका सांगितली जाते. बगदादमध्ये रुग्णालय कोठे बांधावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगून ठेवले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा नासले, ती जागा निवडली. कोणता मोहल्ला श्रीमंतांचा, हे त्यांनी पाहिले नाही. रुग्णाला कोणती हवा मानवेल, हे पाहिले.

पालकांनी हीच रीत धरावी. यादी भरण्यापूर्वी शक्य असेल तर महाविद्यालय प्रत्यक्ष पाहून यावे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी किती गर्दी असते, शिक्षक वॉर्डात येतात की नाही, वसतिगृह कसे आहे, मुली सुरक्षित आहेत का, जुमाची नमाज अदा करण्याची सोय जवळ आहे का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. माहितीपुस्तिकेत जे नसते, ते त्यांच्याकडून कळते. आणि आपल्या मुलाचा स्वभाव पाहावा. कोणी स्पर्धेत फुलतो, कोणी गर्दीत हरवतो. कोणाला आजारी आईजवळ राहावयाचे असते, कोणाला घरापासून दूर गेल्यावरच स्वतःच्या पायांवर उभे राहता येते.

कर्ज, कुवत आणि लोकलज्जा

अल्लाह कोणाही जिवावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकत नाही, ही सूरह बकरहच्या अखेरची शिकवण आपण जाणतो. मग केवळ लोकांनी नाव ओळखावे म्हणून आपणच आपल्या कुटुंबावर असा भार का टाकावा? त्याच सूरहमध्ये व्याजाविषयीचा इशारा किती कठोर आहे, हे वेगळे सांगावयास नको. ज्या शिक्षणातून जीव वाचवावयाचे, त्याचा पाया निषिद्ध व्यवहारावर पडू नये, याची काळजी आधी घ्यावी. कर्ज-ए-हसना, शासकीय शिष्यवृत्ती आणि पात्र असल्यास जकात, हे मार्ग आधी शोधावेत. अडचण उरलीच तर जाणत्या मुफ्तींना विचारावे.

सूरह तकासुर आपल्याला बजावते की एकमेकांपेक्षा अधिक मिळवण्याच्या हव्यासात माणसे कबरीपर्यंत गाफील राहतात. आज हा हव्यास मुलांच्या महाविद्यालयांच्या नावांतही शिरला आहे. वलीम्यात, ईदमिलनात मूल म्हणजे जणू आपली पाटी. त्या पाटीखाली साडेपाच वर्षे मुलाला राहावयाचे असते, आपल्याला नाही.

मश्वरा आणि इस्तिखारा

सूरह आले-इमरानमध्ये आधी सल्लामसलत, मग निश्चय आणि मग अल्लाहवर भरवसा, असा क्रम आला आहे. सल्ला ज्याच्याविषयी आहे, त्या मुलाला वा मुलीला त्यातून वगळले तर तो मश्वरा कसला? दोन रकअत नफ्ल अदा करून इस्तिखाऱ्याची दुआ मागावी. ही दुआ प्रेषित (स.) सहाबांना कुरआनच्या सूरहप्रमाणे शिकवीत, असे जाबिर (रजि.) सांगतात. स्वप्न पडलेच पाहिजे, अशी मात्र अट नाही. आपल्याकडून प्रयत्न पुरा करावा आणि जे घडेल त्यात भले आहे, असे मानावे.

पसंतीक्रमही प्रामाणिक असावा. गुणवत्तेनुसार यादीतील वरच्या उपलब्ध जागेवर नाव लागते. लोकांना दाखवण्यासाठी वर लिहिलेले नाव खरोखरच पदरात पडू शकते.

घरी बसून विचारावयाचे प्रश्न

१. डॉक्टर होण्याची इच्छा मुलाची आहे की आपली?
२. हे महाविद्यालय निवडण्याचे कारण, त्याचे नाव न घेता, सांगता येईल का?
३. तेथील खर्च हलाल मार्गाने आणि धाकट्या भावंडांचा हक्क न मारता भागेल का?
४. तेथे रुग्ण, शिक्षक आणि इबादतीची सोय आहे, हे आपण स्वतः तपासले का?
५. कोणीही कौतुक करणार नसेल, तरी आपण हीच निवड करू का?

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले आणि एकट्याला विचारले. तो म्हणाला, "हजरत, घर गहाण पडले तर माझे अभ्यासात लक्ष लागणार नाही." त्याने मराठवाड्यातील जागा घेतली. सारे सुखाचे झाले, असे नाही. तेथे काही विभागांत शिक्षक कमी आहेत आणि पहिल्या वर्षी तो घराच्या आठवणीने रडला. मामा अजूनही नाराज आहेत. मागच्या रमजानमध्ये तो सुट्टीवर आला, तेव्हा तरावीहनंतर आमच्या एका वृद्ध नमाजींचा रक्तदाब तपासत बसला होता. त्यांनी त्याला महाविद्यालयाचे नाव विचारले नाही. गोळी जेवणाआधी घ्यावी की नंतर, एवढेच विचारले.

अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो आणि आपल्याला दिखाव्यापासून वाचवो. आमीन.