पहाटेस डेन्व्हर, सायंकाळी शिकागो

अमेरिकेतील डेन्व्हर हे शहर रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेले आहे, तर शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी. या दोन शहरांमधील लोहमार्ग १,०१५ मैल, म्हणजे सुमारे १,६३४ किलोमीटर लांबीचा. वाफेच्या एंजिनाची आगगाडी हा पल्ला काटावयास एक दिवस आणि वर एखादा तास घेई. वाटेत एंजिनात पाणी घ्यावयाचे, कोळसा भरावयाचा, एंजिने बदलावयाची, असे विसावे घेत ती चाले. १९३४ सालच्या मे महिन्यात बर्लिंग्टन रेल्वे कंपनीने जाहीर केले की, आपली नवी गाडी पहाटे डेन्व्हरहून निघेल आणि वाटेत कोठेही न थांबता त्याच सायंकाळी शिकागोस पोहोचेल. पुष्कळांना ही बढाई वाटली.

ही बढाई नव्हती, निकड होती. १९२९ साली सुरू झालेल्या मंदीने कारखाने बंद पडले होते आणि लोकांजवळ प्रवासास पैसा उरला नव्हता. ज्यांच्याजवळ होता, त्यांतील कित्येक मोटारीने जाऊ लागले होते. १९२० नंतरच्या तेरा वर्षांत आगगाडीच्या उतारूंची संख्या निम्म्याहून अधिक घटली. रिकामे डबे ओढावयास कोळसा मात्र जवळजवळ तितकाच लागे. बर्लिंग्टनचे अध्यक्ष राल्फ बड यांनी ओळखले की, जुन्या गाड्यांना नवा रंग देऊन भागणार नाही. गाडीच निराळी हवी.

फिलाडेल्फियाचे कारखानदार एडवर्ड बड यांनी ती बांधून दिली. आडनाव दोघांचे एकच. जुने डबे जाड पोलादाचे व अतिशय जड असत. एडवर्ड बड यांनी गंज न चढणारे पोलाद घेतले. त्याचे पातळ पत्रेही पुरेसे मजबूत असतात. परंतु सांधताना ते फार तापले, तर त्यांचा न गंजण्याचा गुण नाहीसा होतो. यावर त्यांच्या कारखान्याने तोड काढली होती. विजेचा जोरदार प्रवाह क्षणाच्या अल्पशा अंशापुरताच सोडावयाचा. पत्रे जेथल्या तेथे जुळतात आणि आजूबाजूचा भाग तापण्यापूर्वीच काम आटोपते. अशा रीतीने तयार झालेल्या तीन डब्यांच्या संपूर्ण गाडीचे वजन सुमारे शंभर टन भरले. त्या काळी वाफेचे एखादे मोठे एंजिन एकटेच याहून अधिक वजनाचे असे!

गाडीचा आकारही विचारपूर्वक ठरविला होता. उघडी छत्री समोर धरून धावू लागले, की वारा आपणांस मागे रेटतो. तीच मिटून धरली, तर फारसा अडथळा होत नाही. आगगाडीचेही तसेच आहे. वेग वाढू लागला, की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. म्हणून गाडीचे तोंड उतरते व गोलसर केले होते, आणि डब्यांच्या मधल्या फटी झाकून टाकल्या होत्या. ही कल्पना अगदी नवी नव्हती. सॅम्युअल कॅलथ्रॉप नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६५ सालीच अशा गाडीच्या आराखड्याचे पेटंट घेतले होते. आणि १९३४ च्या फेब्रुवारीत, बर्लिंग्टनच्या आधीच, युनियन पॅसिफिक कंपनीने आपली ॲल्युमिनियमची वेगवान गाडी लोकांपुढे आणली होती. बर्लिंग्टनच्या गाडीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे सहाशे अश्वशक्तीचे डीझेल एंजिन. ते वीज निर्माण करी आणि त्या विजेवर चाके फिरत. त्याला कोळसा नको होता, आणि पाण्यासाठी वारंवार थांबणेही नको होते. या गाडीचे नाव ठेवले ‘झेफिर’. ग्रीक पुराणांत पश्चिम वाऱ्याच्या देवाचे हे नाव आहे.

नियोजित दिवसाच्या आदल्या दिवशीच एक विघ्न आले. यंत्रातील एक बेअरिंग तडकलेले आढळले. दुसरे बेअरिंग विमानाने मागवावे लागले आणि कामगारांनी रात्रभर खपून ते बसविले. त्यामुळे निघावयास सुमारे तासाभराचा उशीर झाला. २६ मे रोजी पहाटे पाच वाजून चार मिनिटांनी झेफिर डेन्व्हरहून सुटली. गाडीत अधिकारी होते, वार्ताहर होते, आणि भेट म्हणून आलेले एक लहानसे गाढवही होते! वाटेत शेकडो ठिकाणी रस्ते रूळ ओलांडत होते. तेथे स्वयंसेवक पहारा देत उभे होते. त्यांत बालवीरही होते.

वाटेत आणखी एक संकट आले. एक दार जोराने आदळून तार चेमटली, ठिणगी उडाली आणि एंजिन चालू करणारी तार जळून तुटली. एंजिन बंद पडले. गाडी आपल्या वेगाच्या जोरावर घरंगळत राहिली. पण तो वेग क्षणाक्षणाला उतरत होता. ती थांबली असती, तर अखंड प्रवासाची प्रतिज्ञा तेथेच मोडली असती. तेव्हा एका तंत्रज्ञाने तुटलेल्या तारेची दोन टोके हातांनी एकमेकांस लावून धरली. त्याचे हात भाजले. परंतु एंजिन पुन्हा सुरू झाले.

तेरा तास पाच मिनिटांत झेफिर शिकागोस पोहोचली. तिचा सरासरी वेग ताशी ७७ मैलांहून अधिक पडला. एके ठिकाणी तर तो ११२ मैलांवर गेला होता. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे आणि शिकागो पुष्कळच खाली. त्यामुळे उताराचे साहाय्य तिला मिळाले, हे येथे सांगितले पाहिजे. तथापि केवळ उतारावर हजार मैल कोणी धावत नाही. शिकागोत तेव्हा मोठे प्रदर्शन भरले होते. गाडी थेट तेथे नेण्यात आली आणि तिला पाहावयास लोकांची झुंबड उडाली.

त्यानंतर अमेरिकेत अशा गाड्यांचा जणू हंगामच सुरू झाला. १९३५ साली ‘हायावाथा’ ही वाफेवर चालणारी, पण तशाच निमुळत्या आकाराची गाडी ताशी शंभर मैलांचा वेग गाठू लागली. १९३६ पासून डेन्व्हर-शिकागो ही नित्याची रात्रगाडीच सोळा तासांत जाऊ लागली. परंतु २५ एप्रिल १९४६ रोजी शिकागोजवळील नेपरव्हिल येथे बर्लिंग्टनच्याच एका उभ्या गाडीवर तिची दुसरी वेगवान गाडी आदळली आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. पुढे सरकारने नियम केला की, ज्या मार्गावर गाडी आपोआप थांबविणारी किंवा चालकास एंजिनातच इशारा देणारी यंत्रणा नसेल, तेथे वेग ताशी ८० मैलांच्या आतच ठेवावा. या यंत्रणेचा खर्च बहुतेक कंपन्यांना पेलवला नाही. पुढे रुंद महामार्ग झाले, जेट विमाने आली, आणि उतारू तिकडे वळले. १९७१ साली देशातील बहुतेक लांब पल्ल्याच्या उतारू गाड्या चालविण्याचे काम ‘ॲमट्रॅक’ या नव्या संस्थेकडे गेले.

पहिली झेफिर पंचवीस वर्षांहून अधिक काळ उतारूंची ने-आण करीत राहिली. १९६० साली तिला विश्रांती मिळाली. आता ती शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात उभी आहे. तिच्या पत्र्यांना अजून गंज चढलेला नाही.